शेजारणीची चूल

"आधी तो पंखा घराबाहेर काढा!"

मी उंबऱ्यातूनच ओरडले. बायजाक्का ताज्या सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि टेबलफॅनची पाती पदरानं पुसत होती. शेजारी लोखंडी खुर्ची, तिच्यावर नवा अभ्रा पसरलेला, कोपऱ्यात फुलाफुलांच्या कपबश्या. यातलं काहीच तिचं नव्हतं.

"का गं मालन? चांगला हाय की. दुकानदाराच्या बायकूकडनं मागून आणलाय."

"लावायला घरात बटण तरी हाय का?"

"बटण नसंल. पर पंखा तर हाय."

"आक्का, साहेब गरिबी बघायला येणार हायेत. पंखा दिसला की कार्ड गेलं समजा."

"साहेब म्हंजी पावनाच की. पावन्याला काय घामात बसवू?"

"अवं, पर त्यो फिरणारच न्हाई!"

"तू अशीच वरडत ऱ्हा. वारं आपसूक येतंय."

मी चिडून पंखा उचलायला गेले, तर तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला. मला पाचवा महिना होता. "जड उचलू नगंस," असं म्हणून तिनं पंखा होता तिथंच, खुर्चीशेजारी नीट सरळ करून ठेवला. आता या बाईला काय म्हणायचं?

त्या वर्षी वरून हुकूम आला होता की तालुक्यात पिवळी कार्डं फार झालीत, ती कमी करा. म्हणजे कुणीतरी घरोघर येऊन बघणार आणि ज्याचं बरं दिसेल त्याचं नाव खोडणार. आमच्या खडीवस्तीतली माणसं दगड फोडून खाणारी. खाणीवरचं क्रशर बंद पडलं आणि ते कामही गेलं. पुरुषमाणसं वाट फुटेल तिकडं गेली. माझा नवरा बोअरच्या गाडीवर कर्नाटकात होता. कधी पैसे पाठवायचा, कधी नुसताच निरोप. मागं राहिलो बायापोरं आणि पिवळ्या कार्डावर महिन्याला मिळणारं धान्य. ते होतं म्हणून वस्तीत चुली पेटत होत्या.

तालुक्याच्या गावी तांबोळी सर रेशनची समिती चालवायचे. शाळेत त्यांनी मला गणित शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे काम डोक्यावर घेतलं आणि आमच्या वस्तीपुरतं माझ्या डोक्यावर दिलं. त्यांनी बजावून सांगितलं होतं, "मालन, बायकांना एवढंच सांग. घर जसं आहे तसं राहू द्या. काही लपवू नका आणि काही सजवू नका."

आठवडाभर मी तेच घसा फोडून सांगत होते. बाया माना डोलवायच्या. आणि पाहणीच्या दिवशी बघते तर दारोदारी सडा, रांगोळ्या, पोरांच्या अंगात दिवाळीचे कपडे. एकीनं तर आंब्याचं तोरण बांधलं होतं. मी तोरण ओढून काढलं, तर ती म्हणाली, "बरं, बरं, तू म्हणतीस तसं," आणि माझी पाठ वळल्यावर पुन्हा बांधलं.

माझा स्वभाव मुळात उतावळा. एका जागी बसवत नाही, कुणी हळू बोललं तरी सहन होत नाही. त्या सकाळी या घरातून त्या घरात मी अशी फिरत होते की वस्तीतली कुत्रीसुद्धा माझ्यामागं येऊन येऊन दमली. इतक्यात कळलं की जीप मघाशीच येऊन थांबलीय. मी आमच्या घराकडं पळत सुटले आणि दारात थबकले.

शेंडे साहेब, म्हणजे तालुक्याचे पुरवठा अधिकारी, आमच्याच घरात बसले होते. खाली माझ्या लग्नातली चादर. समोर आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूच्या, रुखवतातलं पितळी ताट, चिंचेनं घासून लख्ख केलेलं. हातात कपबशी. आणि आत्याबाई भिंतीला टेकून, डोक्यावरचा पदर सावरत, घरधनिणीच्या थाटात बोलत होत्या.

"काय अडचण वगैरे?" साहेबांनी विचारलं.

"अडचन कसली साहेब? चाललंय की देवाच्या दयेनं."

मी मागून डोळे वटारले. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलंच नाही.

"दोन वेळचं जेवण होतं ना?"

"हुतंय की. माजं उपास सोडून."

"कुठले कुठले उपास करता?"

"सोमवार, गुरवार, शनवार. दोन्ही एकादश्या. चतुर्थी."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता, उलट जरा थकलेला दिसत होता. "आजी, मग जेवता कधी? देवानं तुम्हाला थेट वर न्यायचं ठरवलेलं दिसतंय."

आत्याबाईही हसल्या. खरं सांगायचं तर मीही हसले, कारण घरात मी त्यांना हेच चिडवायचे. त्या वर्षी आमच्या गल्लीला भक्तीचा पूरच आला होता. जिला बघावं तिचा उपास. मी म्हणायचे, "आत्याबाई, जरा दम खावा. देवाला बी उसंत पायजे." त्या म्हणायच्या, "तुज्या पोरासाठनं करती गं. नीट सुटका हूदे."

साहेब उठले. मी म्हणाले, "साहेब, हे ताट आणि ही चादर एवढंच आहे घरात. आणि त्या शेजारच्या पंख्याचं म्हणाल तर—"

"ताई, मला जे दिसतं ते मी लिहितो," ते म्हणाले आणि चहा चांगला होता असं आत्याबाईंना सांगून पुढच्या घरी गेले.

पुढच्याच महिन्यात दुकानदारानं आमची कार्डं परत दिली. बहुतेक सगळ्या वस्तीची. पाहणीत परिस्थिती बरी आढळली, धान्य बंद.

मी तडक तांबोळी सरांकडं गेले. सर अंगणात झाडांना पाणी घालत होते. मी बोलत राहिले, ओरडत राहिले, सगळ्या बायांना शिव्या घातल्या. सर ऐकत राहिले. मग म्हणाले, "अपील करू. सुनावणी लागेल. पण तिथं मला किंवा तुला बोलून भागायचं नाही. साहेब प्रत्येकीला विचारणार. तिनं स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं की आम्हाला खायला पुरत नाही."

"सांगतील की. आता पोटाला चिमटा बसलाय."

"बघ बाबा," सर म्हणाले.

सुनावणी लागेपर्यंत दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत मला झोप म्हणून नव्हती. तहसीलमध्ये हेलपाटे, समितीचं निवेदन, गावोगावच्या बायांना घेऊन धरणं, घोषणा. घरी आले की मला भूक अशी लागायची की हातपाय कापायचे. आत्याबाई मला चुलीपुढं बसू द्यायच्या नाहीत; धुरानं पोटातल्या जिवाला त्रास होतो म्हणायच्या. मी बाहेरून येईपर्यंत त्यांची भाकरी थापून झालेली असायची. टोपली माझ्यासमोर सरकवायच्या. "खा. माजा आज गुरवार हाय." किंवा, "म्या मगाशीच खाल्लं, तुजी वाट बघून." मी खायचे आणि खाता खाता शेंडे साहेबांच्या नावानं खडे फोडायचे.

अधूनमधून शाळेच्या पडवीत मी बायांना जमवायचे आणि तालीम घ्यायचे. मी साहेब व्हायचे.

"हं, बायजाक्का. मी साहेब. सांगा, काय तक्रार हाय?"

"तक्रार काय न्हाई."

"असं कसं? धान्य बंद झालंय न्हवं?"

"झालंय."

"मग काय होतंय त्यामुळं?"

बायजाक्कानं इकडंतिकडं बघितलं. "गुडघं दुखत्यात."

सगळ्या हसल्या. मला हसू येईना. "आक्का, नीट बोला. म्हणा, आमी उपाशी हाय."

"मी मेले तरी परक्या बाप्याफुडं पोटाचं बोलायची न्हाई," ती म्हणाली आणि लुगडं झटकत उठली. "माजा मालक जित्ता हुता तवा त्येनं पाटलाच्या दारात कदी हात पसरला न्हाई. आता म्या पसरू? आन त्येबी हिच्याफुडं?"

हिच्याफुडं म्हणजे माझ्या सासूपुढं. आत्याबाई आणि बायजाक्का यांचा अबोला माझ्या लग्नाआधीपासूनचा. बायजाक्काच्या अंगणातल्या शेवग्याच्या शेंगा आमच्या बाजूला लोंबायच्या, त्यावरून सुरू झालेला. मधे एकच मातीची भिंत. पण एकमेकींशी बोलायचं तर नाव न घेता, वाऱ्यावर. "काही लोकांच्या शेळ्या लई माजल्यात." "काही लोकांची सून लई वरडती." असं चालायचं.

"मग मरा!" मी बायजाक्काच्या पाठीमागं ओरडले. "लाज धरून मरा सगळ्या!"

आत्याबाई तिथंच बसल्या होत्या. घरी जाताना फक्त म्हणाल्या, "एवडं तापू नगं. लेकराला बादंल."

सुनावणीच्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही तालुक्याला गेलो. तहसील कचेरीतला मोठा हॉल माणसांनी गच्च भरला होता. नुसती आमचीच वस्ती नव्हती, आजूबाजूच्या गावांतली माणसं होती, कारकून होते, दोन पत्रकारही होते. पुढं टेबलामागं शेंडे साहेब. तांबोळी सर बाजूला उभे. मला बसवत नव्हतं, म्हणून मी भिंतीला धरून उभी होते. कमरेत कळ येत होती. पोटात मूल हललं की वाटायचं, यालाही घाई झालीय.

पहिलं नाव पुकारलं ते बायजाक्काचं.

ती उठली. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, कपाळ कोरं, ताठ मान. त्या गर्दीत ती एखाद्या इनामदाराघरची म्हातारी वाटली असती.

"पाहणीत तुमच्या घरात खुर्ची, पंखा, कपबश्या आढळल्या," साहेब म्हणाले. "घर नीटनेटकं आढळलं. तुमचं म्हणणं काय आहे?"

बायजाक्कानं एकवार मागं बसलेल्या बायांकडं बघितलं. मी ओठातल्या ओठात म्हणत होते, बोल, बोल, बोल.

"आजी, घाबरू नका. धान्य बंद झाल्यावर काही अडचण आलीय का?"

"न्हाई," बायजाक्का म्हणाली.

"नाही?"

"चाललंय बरं. देवाच्या दयेनं काय कमी न्हाई."

तांबोळी सरांनी डोळे मिटले. दोन महिन्यांचे हेलपाटे, सगळं पाण्यात. साहेबांनी खांदे उडवले आणि पेन उचललं.

"लबाड हाय ती!"

आवाज माझ्या शेजारून आला होता. आत्याबाई उभ्या राहिल्या होत्या. हात कमरेवर. हा त्यांचा भांडणाचा पवित्रा मी चांगला ओळखत होते.

"लिवू नगा साहेब. खोटं बोलतीया ती. तिच्या चुलीतनं रोज सांजच्याला धूर निघतोय, पर चुलीवर तवा नसतोय. नुस्तं पानी उकळत ठेवती. गल्लीनं धूर बघावा म्हनून! मला ठावं हाय. माज्या भिंतीला तिची भिंत हाय. भाकर थापल्याचा आवाज मला यायचा आदी, आता येत न्हाई. लई दिस झालं येत न्हाई."

बायजाक्का गर्रकन वळली. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. भर बाजारात कुणी पदर ओढावा तसा तो झाला होता.

"माजी चूल बघतीस?" ती कडाडली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच आत्याबाईंच्या तोंडावर बोलत होती. "माजी चूल बघतीस व्हय गं गोजरे? आन तुजी? मला बी कान हायेत! तुज्या घरात खानाऱ्या दोगी, आन भाकर थापतीस एकीचीच! दोनदा थापलीस की तवा खाली उतरतोय तुजा. कसला गुरवार आन कसला शनवार? जल्मात कदी मारुतीच्या देवळाची पायरी चडली न्हाईस तू! पोटुशी सुनंला वाडतीस आन आपुन तांब्याभर पानी पिऊन निजतीस. रातचं कन्हतीस ते मला ऐकू येतं. ती सून मोर्चे काडत हिंडती, तिला ऐकू येत न्हाई!"

कुणीतरी हसायला लागलं होतं, ते मधेच थांबलं.

मी आत्याबाईंकडं बघितलं. मला वाटलं, त्या आता पुन्हा तोंड सोडतील, बायजाक्काला खोटं पाडतील. पण त्यांनी कमरेवरचे हात काढले आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या. तेव्हा मला त्यांची मनगटं दिसली. रोज डोळ्यांसमोर असलेली मनगटं. बांगड्या पार कोपरापर्यंत मागं सरकत होत्या.

सोमवार, गुरुवार, शनिवार. मी खात होते आणि त्या माझ्यासमोर बसून माझ्याकडं बघत होत्या. मी घास घेता घेता सरकारवर बोलत होते.

"ताई," शेंडे साहेबांचा आवाज आला. "तुम्ही यांच्या सूनबाई ना? त्या म्हणतात ते खरं आहे का?"

सगळा हॉल माझ्याकडं वळला. मी समितीची मालन. मी कुणाला ऐकून न घेणारी, साहेबांच्या टेबलावर हात आपटणारी. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"नाही साहेब," मी म्हणाले. "तसं काही नाही. आमचं बरं चाललंय."

माझंच बोलणं माझ्या कानावर आलं. मी हे का बोलले? मला कुणी शिकवलं नव्हतं. एवढ्या लोकांसमोर आपल्या घरात जेवायला नाही, आपली सासू उपाशी झोपते आणि आपण जेवतो, हे कुणाच्या तोंडून निघेल? मला लाज वाटली. अशी लाज की जमीन दुभंगून आत घेईल तर बरं. तालमीत ज्यांच्यावर मी ओरडत होते, त्या सगळ्या बाया खाली बसून माझ्याकडं बघत होत्या. एकीच्याही चेहऱ्यावर कुचेष्टा नव्हती. त्यांना माझं सगळं कळत होतं.

आत्याबाईंनी माझा हात धरला. त्यांचा तळवा खरखरीत आणि गार होता.

"आता तू का खोटं बोलतीस?" त्या हळूच म्हणाल्या. "म्या म्हातारीनं बोललं तर शोबतंय. तू सांग. तुला सांगाय येतंय."

मला रडू फुटलं. रडत रडतच मी बोलले. काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. पंखा मागून आणलेला होता, चहातली साखर उसनी होती, पितळी ताटात वाढायला काही नव्हतं, हे बोलले. एवढंच नक्की आठवतं की मी म्हणाले, "साहेब, आम्हाला पुरत नाही. आमच्या घरात पुरत नाही. लिहा."

तांबोळी सर पुढं झाले. ते चटकन सावरले होते. "साहेब, माझी विनंती आहे. या बायका स्वतःचं सांगणार नाहीत. शेजारणीला शेजारणीबद्दल विचारा."

साहेबांनी थोडा वेळ पेनचं टोपण लावलं, काढलं, लावलं. मग पुढचं नाव पुकारलं आणि त्या बाईऐवजी तिच्या शेजारणीला विचारलं, "हिच्या घरात काय शिजतं?"

मागून एकजण म्हणाली, "माजं नगं, तिचं लिवा. कोंड्याचं मुटकं करती ती, पोरास्नी घालाय." दुसरी उसळली, "माजं का सांगतीस? आन तू गं? तुजी पोरगी माळावरची चिगळीची भाजी खुडून आनती ती काय हौसेनं?" आणि मग बांध फुटला. भांडत, एकमेकींची उणीदुणी काढत, रडत, बायांनी एकमेकींच्या चुली त्या हॉलमध्ये मांडल्या. भिंतीच्या पलीकडचं सगळं सगळ्याजणींना ठाऊक होतं. आजपर्यंत कुणी उच्चारलं नव्हतं एवढंच. साहेब लिहीत राहिले. एकदा ते थांबले, आत्याबाईंकडं बघून म्हणाले, "आजी, मी तुमच्याकडं चहा प्यायलो."

"मग? पावन्याला चा बी देऊ नगं व्हय?" आत्याबाई म्हणाल्या.

साहेबांनी मान खाली घातली आणि पुन्हा लिहायला लागले.

निकाल नंतर आला. ज्यांचं ज्यांचं त्या दिवशी नोंदलं गेलं, त्यांची कार्डं परत सुरू झाली. दोन घरं अशी होती की त्यांच्या शेजारी कुणी राहतच नव्हतं. त्यांची गेली ती गेली. त्यांच्यासाठी सर आणि मी पुढं बरंच भांडलो. पुढच्या वर्षी सरकारनं दुसरी कात्री काढली आणि मग तिसरी. मी आजही त्यातच आहे. तेव्हा पोटात होती ती मुलगी आता नर्स आहे आणि मला म्हणते, आई, जरा शांत बस. मला जमत नाही.

पण मला सांगायचंय ते सुनावणीनंतरचं.

दुपारची एसटी चुकली होती. स्टँडच्या शेडखाली आम्ही सगळ्या बसलो होतो. बायजाक्का सगळ्यांकडं पाठ करून बाकाच्या अगदी टोकाला बसली होती. आत्याबाई माझ्या शेजारी, पण मधे हातभर अंतर. मला काहीतरी बोलायचं होतं आणि काय बोलायचं ते कळत नव्हतं. मी उठायचे, शेडच्या टोकापर्यंत जायचे, परत यायचे. रागवावं तर कुणावर? आत्याबाईंवर राग आला होता. माझ्यावरही आला होता.

तांबोळी सर कँटीनमधून भजी आणि पाव घेऊन आले. तेलानं पारदर्शक झालेला कागदाचा मोठा पुडा त्यांनी बाकावर मधोमध उघडला.

"घ्या," ते म्हणाले. "मी गाडीची चौकशी करून येतो."

ते गेले. कांदाभजी होती, नुकतीच काढलेली. वास सगळ्या शेडमध्ये पसरला. आणि एकीनंही हात पुढं केला नाही.

"घ्या की गं," एक म्हणाली.

"तूच घे. आमी सकाळी खाऊन निगालोय."

"म्या बी."

"मला तेलकट चालत न्हाई बाई."

मी एकेकीकडं बघितलं. हॉलमध्ये आताच सगळं सांगून झालं होतं. लिहून झालं होतं, सह्या-अंगठे झाले होते. आणि इथं, आपल्या आपल्यात, पुन्हा कुणाला भूक नव्हती. भजी गार होत चालली. बायजाक्का रस्त्याकडं बघत होती, पण तिच्या गळ्याची घाटी हलताना मला दिसली. आत्याबाईंनी पुडा माझ्याकडं सरकवला.

"खा तू. तुला गरज हाय. मला नगं, आज माजा—"

बोलता बोलता त्या थांबल्या.

मी पुड्यात हात घातला. एक पाव उचलला, तो मधे फाडला, त्यात मुठीत येतील तेवढी भजी कोंबली आणि सगळ्यांच्या देखत, स्टँडवरच्या येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, मोठा घास घेतला. घास तोंडात असतानाच मी म्हणाले, जरा मोठ्यानंच म्हणाले, "मला भूक लागलीया."

मी दुसरा घास घेतला.

"लई भूक लागलीया मला," मी पुन्हा म्हणाले आणि आत्याबाईंकडं बघितलं. बघतच राहिले. त्या माझी नजर चुकवत होत्या. एकदा रस्त्याकडं बघितलं, एकदा स्वतःच्या पायांकडं. मग त्यांनी हात लांब केला.

"दे हिकडं एक पाव," त्या म्हणाल्या. "मलाबी लागलीया."

त्यांनी पाव घेतला आणि भजी घालून त्याचे दोन तुकडे केले. एक स्वतःच्या तोंडात घातला. दुसरा हातात धरून त्या उठल्या, बाकाच्या टोकाला गेल्या आणि बायजाक्काच्या पाठीमागं उभ्या राहिल्या. नाव घेतलं नाही. नुसता हात तिच्या खांद्यावरून पुढं केला.

बायजाक्कानं बराच वेळ तो तुकडा बघितला. मग घेतला आणि तोंड न वळवता खाल्ला.